मिरवणुकीचा पडदा

मी एक जुना, नाटकाचा पडदा आहे. मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवलेला, वरच्या कडेला बांबू आणि खालच्या कडेला लाकडी दांडा असलेला. माझ्यावर एका राजाची मिरवणूक रंगवली आहे. मित्रांनो, एवढं मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकतो. ती मिरवणूक कसली, असं विचाराल तर मात्र मी गोंधळतो. कारण पडद्याला स्वतःकडे बघता येत नाही. तो फक्त समोर बघतो. समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, तेवढंच त्याला स्वतःविषयी कळतं. माझ्यासमोर काही वर्षं माणसं रडली. मग कितीतरी वर्षं माणसं माझ्यासमोर हसली, नाचली, फोटो काढून घेत बसली. मी यातून काय समजायचं?

माझा जन्म जळकोटचा. तिथं शिवप्पा नावाचे पेंटर होते. ट्रकांवर मोर काढायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, निवडणुका आल्या की भिंती रंगवायचे. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव म्हाळसाबाई. माझे पट्टे तिनंच जोडले, दारात बसून, हातानं. दोरा दातानं तोडताना ती माझ्याकडे असं बघायची, जसं एखादी बाई बाळाच्या अंगड्याकडे बघते. म्हणून मला आधी वाटलं होतं, मी कुणाचं तरी अंगडंच होणार आहे. माझ्या गोंधळाची सुरुवात ही अशी पहिल्या दिवसापासून आहे.

मला रंगवून घेतलं ते सास्तूरच्या ज्ञानोबांनी. ज्ञानोबा शेतकरी. पण नाटकाचं वेड असं की पेरणी उरकली की गावातली दहा-पंधरा माणसं गोळा करून तालमी सुरू करायचे. त्यांनी जुन्या काळच्या एका राजाचं नाटक बसवलं होतं. राजा वीरमल्ल. शेवटच्या अंकात तो रयतेसाठी लढून मरतो आणि सगळी राजधानी त्याला पोचवायला निघते. एवढी माणसं रंगमंचावर कुठून आणणार? म्हणून ती पडद्यावर काढून घ्यायची, असं ठरलं.

पडदा तयार झाल्यावर ज्ञानोबा बैलगाडी घेऊन आले. शिवप्पांनी मला वाड्याच्या, म्हणजे गुरांच्या वाड्याच्या भिंतीवर सोडून दाखवलं. ज्ञानोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शिवप्पा, आरं ह्ये काय केलास? राजा मेलाय न्हवं?"

"मेलाय की."

"मग ह्यो बसलाय कसा?"

"मेलाय म्हणूनच बसलाय," शिवप्पा म्हणाले. "काका, आमच्यात माणसाला आडवं नेत न्हाईत. आंघोळ घालून, विभूती लावून, विमानात बसवून नेतेत. वाजत-गाजत. म्या जे बघितलं त्येच काढलं."

शिवप्पा लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवतात ते विमान म्हणजे आकाशात उडणारं नव्हे. बांबूचं, फुलांनी मढवलेलं, मखरासारखं एक आसन असतं. त्यात गेलेला माणूस मांडी घालून बसतो आणि चौघांच्या खांद्यावरून समाधीच्या खड्ड्यापर्यंत जातो.

"आन् आमचा राजा लिंगायत व्हता व्हय?" ज्ञानोबांनी विचारलं.

"राजा कुठल्या घरचा, त्ये तुमच्या नाटकात सांगितलंय का?"

ज्ञानोबांनी डोकं खाजवलं. "न्हाई सांगितलेलं."

"मग बसू द्या की त्येला. एवढा लढलाय बिचारा."

दाराआड म्हाळसाबाई खुदकन हसली. ज्ञानोबांनाही हसू आलं. त्यांनी माझ्यावरच्या आभाळाकडे बोट केलं. "आन् ही सकाळ हाय का सांज?"

शिवप्पांनी मान तिरकी करून आपलंच आभाळ न्याहाळलं. "तुमी दिवा कसा लावताल त्याच्यावर हाय," ते म्हणाले.

तर मित्रांनो, मला रंगवणाऱ्यालाही सगळंच नक्की ठाऊक होतं, असं दिसत नाही.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. आसपासच्या जत्रांतून आमचं नाटक व्हायचं. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा आणि मी, असे आम्ही चौघं होतो. मी सगळ्यांत शेवटी उतरायचो. मी उतरलो की हलगी एकदम थांबायची. राणीचं काम करणारा गडी माझ्यासमोर गुडघे टेकून हंबरडा फोडायचा. समोर बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. बाप्ये खोकल्यासारखं करून घसा साफ करायचे. नाटक संपलं तरी काही म्हातारी माणसं उठून जवळ यायची, माझ्यावरच्या राजाच्या पायांना बोटं लावून ती कपाळाला टेकवायची. ज्ञानोबा सगळ्यांना सांगायचे, "आमचं नाटक कवा कवा पडतं, पर ह्यो पडदा त्येला उचलून धरतो."

तेव्हा मी समजून होतो, की मी दुःखाचा पडदा आहे. ते समजणं सोपं होतं. मला त्यात बरंही वाटायचं.

मग भूकंप झाला. सास्तूर त्यात पडलं, शेजारची गावं पडली. आम्ही चौघं पडदे गावाबाहेर, ज्ञानोबांच्या शेतातल्या कोठ्यात गुंडाळून ठेवलेले होतो, म्हणून राहिलो. राणीचं काम करणारा गडी राहिला नाही. हलगीवाला राहिला नाही. त्या दिवसांत कुणाला कुणाची मिरवणूक काढता आली नाही. तेवढे खांदेच गावात उरले नव्हते.

मदतीला आलेल्या लोकांत जळकोटचा एक तरुण होता. आण्णासाहेब त्याचं नाव. मंडपाचा धंदा नुकताच सुरू केलेला. आपल्याकडचे होते-नव्हते तेवढे तंबू आणि ताडपत्र्या टेम्पोत घालून तो आला होता. परत निघताना ज्ञानोबांनी त्याला कोठ्यात नेलं आणि आमच्याकडे बोट दाखवलं.

"ह्ये घेऊन जा लेका. आमची मंडळी आता काय उभी राहत न्हाई."

आण्णासाहेबांनी माझी गुंडाळी हातानं चाचपली. "ह्याच्यावर काय काढलंय, काका?"

ज्ञानोबांनी तोंड उघडलं. मग ते दाराबाहेर बघायला लागले, जिथं पूर्वी गाव दिसायचं. शेवटी म्हणाले, "मिरवणूक हाय. राजाची."

पुढचं ते बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. ते बोलले नाहीत. टेम्पो सुरू झाला.

आण्णासाहेबांनी जळकोटला नेऊन मला उलगडलं तेव्हा त्यांना मी फार आवडलो. "अगं बघ, केवढी मिरवणूक हाय राजाची! गादीवर बसवून आणलेत वाटतं," असं ते आपल्या बायकोला म्हणाले. आणि त्या वर्षापासून मी लग्नात उभा राहायला लागलो. नवरा-नवरीची मखमली खुर्ची बरोबर मधोमध, राजाच्या खाली. दोन्ही कडांना गुलाबी झालरी. वरून रंगीत दिव्यांच्या माळा.

पहिल्या लग्नात मी रडण्याची वाट बघत होतो. सनई वाजली, माणसं हसत होती. अक्षता पडल्या, माणसं हसतच होती. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. मग पाठवणीच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडून रडायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, सुरू झालं एकदाचं. पण डोळे पुसून ती गाडीत बसली आणि मागं राहिलेली माणसं जिलेबीचं उरलेलं ताट शोधायला लागली.

अशी कितीतरी लग्नं झाली. नवरी मुलगी माझ्याकडे पाठ करून बसे, पण फोटोत मी यायचोच. बार्शीपासून उमरग्यापर्यंत किती घरांच्या भिंतींवर, लग्नाच्या फोटोत, नवरा-नवरीच्या डोक्यामागे माझा राजा बसला असेल, कोण जाणे. माणसं खूश होती. मग मीही हळूहळू म्हणायला लागलो, की मी आनंदाचा पडदा आहे. तरी ते मनाला पुरतं पटत नव्हतं.

एकदा शिवप्पा स्वतः एका लग्नाला आले होते. पंगतीत बसले होते. लाडू तोंडाशी नेता नेता त्यांची नजर माझ्यावर गेली आणि हात तिथंच थांबला. आता हे उठतील आणि सांगतील, असं मला वाटलं. पण ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. मग त्यांनी लाडू खाल्ला. आण्णासाहेब वाढत वाढत तिथं आले. "शिवप्पाकाका, तुमचाच पडदा न्हवं? लई शोभतो बगा."

"शोभतो की," शिवप्पा म्हणाले. पाणी प्यायले आणि निघून गेले. ते असे का वागले, यावर मी फार विचार केला. काही हाती लागलं नाही.

पुढं थर्माकोलचे महाल आले, मग फ्लेक्स आले. मी गोडाऊनमध्ये जाऊन पडलो. माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या. उंदरांनी खालची कड कुरतडली. कोरोनाच्या दिवसांत तर गोडाऊनचं दारच उघडलं नाही. मला कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे मी काय आहे हा प्रश्नही मिटला होता. खरं सांगायचं तर तेवढीच एक शांतता होती.

ती अर्पितानं मोडली. अर्पिता म्हणजे आण्णासाहेबांची लेक. तिचं लग्न ढोकीच्या कृष्णराजशी ठरलं. ढोकीचं घर मोठं, उसाचं, दारात दोन ट्रॅक्टर. मुलाचे वडील अमरसिंह म्हणजे गावात शब्द चालणारा माणूस. आपल्या लग्नाचा मंडप कसा असावा ते बघायला अर्पिता गोडाऊनमध्ये आली आणि तिनं मला बाहेर ओढलं. उन्हात उलगडलं. ओल्या फडक्यानं नाही, कोरड्यानं, हळूहळू धूळ झटकली.

"पप्पा, हाच लावायचा," ती म्हणाली. "फ्लेक्स कुणाच्याही लग्नात असतो. आणि त्या झालरी नकोत. अख्खा दिसू द्या."

लग्न जळकोटलाच, हायवेलगतच्या मोकळ्या रानात होतं. सकाळपासून मंडप भरायला लागला. ढोकीची वऱ्हाडी मंडळी फेटे बांधून पुढच्या खुर्च्यांवर बसली. मुहूर्ताला अजून अवकाश होता. तेवढ्यात ईरण्णा फुलारी हारांच्या टोपल्या घेऊन स्टेजवर चढले. ईरण्णा शिवप्पांसारखेच लिंगायत, आण्णासाहेबांच्या रोजच्या ओळखीचे. पण एवढ्या वर्षांत फुलं टाकून ते घाईघाईनं निघून जायचे, आणि माझ्या कडा नेहमी झालरींनी झाकलेल्या असायच्या. त्या दिवशी झालरी नव्हत्या. उजव्या कोपऱ्यात, हे मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं, शिवप्पांनी दोन माणसं काढली आहेत. एकाच्या खांद्यावर कुदळ, दुसऱ्याच्या हातात खोरं. ईरण्णांनी ती बघितली. मग त्यांची नजर तिथून सरकत सरकत राजापर्यंत आली. त्यांनी टोपली खाली ठेवली. पायातल्या चपला काढल्या. आणि मला हात जोडले.

अमरसिंह समोरच बसले होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, "कुठला देव हाय हो, फुलारी?"

"देव न्हाई, मालक." ईरण्णा दचकले. "असंच. सवय हाताला."

"कसली सवय?"

"जाऊ द्या की. हार कुठं ठेवू?"

"आवो, सांगा की. हात कुणाला जोडलेव?"

ईरण्णांनी इकडं-तिकडं बघितलं. "राजा हाय त्यो. गेलेला."

"कुठं गेलेला?"

"गेलेला म्हंजे..." ईरण्णांनी टोपली परत उचलली. "गेलेला, मालक."

अमरसिंह उठून उभे राहिले. स्टेजच्या जवळ आले आणि माझ्याकडे नीट बघायला लागले. राजाचे मिटलेले डोळे, कपाळभर विभूती, उघड्या डोक्यानं चालणारे सरदार, केस सुटलेल्या बायका, आणि ती कुदळ. मी त्यांचा चेहरा बघत होतो. इतक्या वर्षांनी माझ्यासमोर एका माणसाचा चेहरा पडला होता.

"आण्णासाहेब," ते म्हणाले, "माझ्या पोराचं लग्न तुमी मयताच्या खाली लावलालाव?"

मग जो गलका झाला तो मला शब्दाशब्दानं सांगता येणार नाही. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, पोराला आधी इथून उठवा. कुणी म्हणालं, पडदा उलटा करा. मागून एक बाई ओरडली, "आमचं लगीन ह्येच्याच पुढं लागलं व्हतं, म्हणून तर घरात धडपणा न्हाई!" तिच्या शेजारी बसलेला तिचा नवरा चिडून म्हणाला, "आरं, मग त्या भीमाशंकरचं पण ह्येच्याच पुढं लागलं की, त्येचं कसं झ्याक चाललंय?" त्यावर माणसं आपापली लग्नं आठवायला लागली. अर्धी म्हणत होती वाईट झालं, अर्धी म्हणत होती चांगलं झालं. आण्णासाहेब सगळ्यांपुढं हात जोडत होते.

"मला खरंच ठावं नव्हतं," ते परत परत म्हणत होते. "कितीतरी लग्नात लावलो म्या ह्येला. शिवप्पानं बी कधी तोंड उघडलं न्हाई. माझ्या पंगतीत जेवून गेला त्यो!" मग एकदम त्यांचा आवाज चढला. "काढा रं ह्येला. मागं नेऊन पेटवा."

माझ्या दोऱ्या सुटायला लागल्या. वरचा बांबू एका बाजूनं खाली आला. तेवढ्यात पिवळ्या साडीतली अर्पिता, हातातला चुडा सावरत, आतून धावत आली.

"थांबा," ती म्हणाली. "जाळायच्या आधी कुणाला विचारा तरी. शिवप्पाआजोबा नाहीत, पण म्हाळसाआजी आहेत ना गावात? त्यांना आणा."

अमरसिंहांनी तिच्याकडे बघितलं. होणारी सून भर मंडपात बोलते आहे, हे त्यांना आवडलं की नाही, ते कळलं नाही. पण ते म्हणाले, "आणा. एकदा काय त्ये कळू द्या."

म्हाळसाबाईंना जीपमधून आणलं. माझे पट्टे जिनं शिवले होते, ती मुलगी मी शोधत होतो. समोर एक वाकलेली, पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली, कपाळ मोकळं. त्या स्टेजवर चढल्या. माझ्या जोडावरून, जिथं त्यांचे टाके होते, त्यांनी बोट फिरवलं.

"मावशी," अमरसिंह म्हणाले, "खरं काय हाय त्ये तुमी सांगा. ही वरात हाय का मयत?"

"मयत हाय, बापू," म्हाळसाबाई म्हणाल्या. "ह्यो तोंडवळा माझ्या सासऱ्याचा हाय. सासरे गेले तवा ह्येंनी बगून ठेवला व्हता."

आण्णासाहेबांनी कपाळावर हात मारला. "मग काकांनी मला सांगितलं का न्हाई, काकू?"

"म्या पण त्येंना हेच म्हणलं. सांगून टाका, म्हणलं. तर म्हणले, माझा बाप जन्मभर कुणाच्या लग्नात पुढं बसला न्हाई. आता रोज बसायलाय. बसू दे."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. म्हाळसाबाईंचा हात अजून माझ्यावरच होता.

"ह्ये गेले कोरोनात," त्या म्हणाल्या. "सोलापूरला नेलं त्ये नेलंच. मला फोन आला, झालं म्हणून. गाडी परस्पर गेली. पांढरं प्लास्टिक घातलेल्या चौघांनी तिथंच कुठं तर पुरलं म्हणतेत. नियमच व्हता तसा, कुणाला काय बोलायचं? पर त्येंना बसवलं का आडवं ठेवलं, त्ये बी मला ठावं न्हाई. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या त्या माणसाच्या मागं चार पावलं कुणी चाललं न्हाई." त्यांनी आण्णासाहेबांकडे बघितलं. "जाळू नको रं. मला दे."

मित्रांनो, मी त्या वेळी समोर बघत होतो. एक दोरी सुटलेली, मी तिरका लोंबत होतो, पण दिसत सगळं होतं. पहिल्या रांगेतल्या एका माणसानं फेटा काढून मांडीवर ठेवला. मघाशी ओरडणारी बाई खाली मान घालून बसली होती. आत्याबाई पदराचं टोक चावत होत्या. त्या मंडपात असा कोण होता, ज्याच्या घरचं कुणी त्या वर्षी असंच परस्पर गेलं नव्हतं? मला ते माहीत नव्हतं. मी तर गोडाऊनमध्ये होतो.

अमरसिंह पुढं येऊन म्हाळसाबाईंजवळ उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "माझा थोरला भाऊ गेला तसाच." आणि त्यांनी भटजींकडे वळून विचारलं, "महाराज, मुहूर्त थोडा मागं-पुढं चालतो का?"

"चालवून घेऊ," भटजी म्हणाले.

"मग मावशीचा पडदा आधी मावशीच्या घरी पोचवू. लगीन मग लावू."

"तुम्ही जाऊन या," अर्पिता म्हणाली. "मी थांबते."

मला उतरवलं. गुंडाळलं. मी लांब आहे, एका-दोघांना उचलत नाही. म्हणून चौघांनी खांद्यावर घेतलं. पुढच्या टोकाला अमरसिंह आणि आण्णासाहेब, मागच्या टोकाला नवरदेव कृष्णराज आणि ईरण्णा. ईरण्णांनी टोपलीतला एक हार काढून माझ्या गुंडाळीवर टाकला. तो लग्नाचा हार होता. मागून म्हाळसाबाई आणि त्यांच्या मागून निम्मा मंडप निघाला.

मंडपाच्या दारात बँडवाले उभे होते. त्यांच्या पुढाऱ्यानं, शिवशंकरनं, क्लॅरिनेट तोंडाशी नेलं आणि परत खाली घेतलं. "मालक," त्यानं विचारलं, "काय वाजवू?"

आण्णासाहेबांनी अमरसिंहांकडे बघितलं, अमरसिंहांनी ईरण्णांकडे. ईरण्णा म्हणाले, भजन येतं का? शिवशंकर म्हणाला, नाही, आम्हाला लग्नाचंच येतं.

"वाजवा की काय येतं त्ये," म्हाळसाबाई म्हणाल्या. "त्ये गेले तवा काहीच वाजलं न्हाई."

मग शिवशंकरनं वरातीचंच गाणं धरलं, पण फार संथ. ताशेवाला एक काठी वापरत होता. मी गुंडाळलेलो होतो, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं आणि खांद्यांवरचे हेलकावे कळत होते. हायवेवर एक ट्रक थांबला, त्याचं इंजिन बंद झालेलं ऐकू आलं. गल्लीत कुणीतरी विचारलं, कोण गेलं हो? कुणीतरी उत्तर दिलं, शिवप्पा पेंटर. विचारणारा म्हणाला, तो तर केव्हाच गेला. त्यावर उत्तर आलं, आज नेलालेत. एक लहान पोरगं टाळ्या वाजवत नाचत होतं आणि त्याची आई त्याला थांबवावं की नाही, हे न कळून नुसती "आरं, आरं" म्हणत होती. मला वाटलं, मी रडण्याचा पडदा असेन तर हे गाणं का? आणि हसण्याचा असेन तर माझ्या अगदी जवळून, अमरसिंहांच्या बाजूनं, तो हुंदका कसला?

म्हाळसाबाईंच्या घरी पोचल्यावर नवीनच अडचण आली. माझ्याएवढी भिंत त्या घरात नाही. शेवटी मला कोपऱ्यातून वळवून दोन भिंतींवर लावलं. राजा आणि विमान एका भिंतीवर, मागून चालणारी रयत दुसऱ्या भिंतीवर. कुदळवाले दाराआड गेले. म्हाळसाबाईंनी उदबत्ती लावली. मग सगळ्यांना म्हणाल्या, "आता जावा बापू, पोरगी खोळंबलीय." आणि त्या स्वतःही, पदर सारखा करून, अक्षता टाकायला त्यांच्याबरोबर गेल्या.

लग्न लागलं. म्हणे कोऱ्या पांढऱ्या कापडापुढं लागलं. मी तिथं नव्हतो.

तेव्हापासून मी इथंच आहे. दुपारच्या वेळी गल्लीतल्या बायका कामं आवरून येतात. कुणाचा दीर गेलेला, कुणाची आई, कुणाचा तरणा लेक. सुरुवातीला त्या नुसत्या बसायच्या. मग एकीनं राजाकडे बघून आपल्या माणसाचं नाव घेतलं, हळूच. मग दुसरीनं घेतलं. अर्पिता माहेरी येते तेव्हा तीही येते. तिच्या चुलत सासऱ्यांचं नाव घेऊन, राजाच्या पायांना बोटं टेकवून जाते. पुष्कळदा बायका रडतात, आणि मग चहा होतो आणि त्या हसतातही. मी काय आहे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आता मी विचारणंही सोडलं आहे.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझा रंग बोट लावलं की भुकटीसारखा सुटतो. पावसाळ्यात या भिंतीला ओल येते आणि माझी खालची कड उंदरांनी आधीच खाल्ली आहे. स्वतःसाठी काही मागायचा मला संकोच वाटला असता. पण आता माझ्यापाशी लोकांची माणसं ठेवलेली आहेत. म्हणून सांगतो. मला घडी घालू नका, गुंडाळा. खिळे ठोकू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका. आणि तुमच्याही घरी, माळ्यावर किंवा कोठ्यात, असलं काही जुनं पडलेलं असेल, तर ते फेकण्याआधी किंवा पेटवण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलावून दाखवा.

आणि मला कधी इथून हलवायची वेळ आलीच, तर उचलताना जरा सावकाश उचला. विमान एकच आहे, आणि त्यात बसलेली माणसं आता पुष्कळ झाली आहेत.